बिनरंगाची शिंगं

धीरजने ज्या विषयात डॉक्टरेट मिळवली तो विषय गावात कुणालाच समजला नव्हता, आणि त्यात गावाचा दोष काढण्यात अर्थ नाही. त्याच्या तोंडी परीक्षेला जे दोन परीक्षक आले होते, त्यांतले एक जण सगळा वेळ खिडकीतून आपल्या गाडीला कुणी घासून तर जात नाही ना, हे पाहत होते. विषय एवढाच, की रंग न वापरता रंग कसा करायचा. प्लॅस्टिकच्या जातीच्या पदार्थाचे गोळे करायचे, इतके बारीक की केसाच्या जाडीत शेकडो एका ओळीत बसावेत. सगळे एका मापाचे हवेत. ते पाण्यात कालवून काळ्या वस्तूवर पसरायचे. पाणी उडालं की गोळे आपले आपण रांगेत बसतात, आणि त्या रांगांवरून परत फिरणारा उजेड हिरवा दिसतो, निळा दिसतो. मोराच्या पिसात हिरवा रंग कुठेच नसतो, तरी पीस हिरवं दिसतं, त्यातलाच हा प्रकार.

गावाने यातून 'रंग' तेवढा उचलला. पुंजाजी भाजीवाल्याचं पोरगं एवढं शिकून पेंटर झालं, अशी बातमी वाशीमच्या भाजीबाजारापर्यंत गेली. धीरज त्याच वाशीमच्या कॉलेजात तासांवर रसायनशास्त्र शिकवत असे आणि संध्याकाळी मोटारसायकलने गावी परतत असे. एकदा तो परतला तेव्हा शेजारचा लखीराम ट्रॅक्टरची ट्रॉली घेऊन दारातच उभा होता.

"धीरज, या फळीवर एक मोर काढून दे बाप्पा. रिठदचा पेंटर नुसतीच तारीख देऊन राह्यला."

"काका, मी पेंटर नाही."

"मंग एवढे वर्स काय करत होता?"

पुंजाजी तिथेच दोर वळत बसले होते. आता आपले वडील काहीतरी बोलतील म्हणून धीरजने त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "मोराची मान जराशीक लांब काढ."

धीरजने मोर काढला. तो बदकासारखा झाला. लखीराम तेव्हापासून त्या फळीवर बारदान टाकून हिंडतो. पण धीरजला मोराचं काही वाटलं नाही. आपण इतकी वर्षं काय केलं हे बापाने एकदाही विचारलं नाही, याचं त्याला वाटलं. त्याने एकदा आपण होऊन सांगून पाहिलं होतं. पुंजाजी वाशीमला पाठवायची टमाटी निवडत होते, आणि टमाटी निवडताना त्यांच्याशी बोलणं म्हणजे पूजेत बसलेल्या माणसाशी बोलणं. एका क्रेटमध्ये एकाच मापाचं टमाटं, हा त्यांचा धर्म. एक जरी मोठं घुसलं तरी ते सबंध क्रेट उपसत. धीरजने त्याच टमाट्यांवर बोट ठेवून सगळं समजावलं. गोळे, रांगा, मधली हवा, उजेड. पुंजाजींनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "हं. ते क्रेट सरकव इकडं."

तर अशा बापाला आपलं शास्त्र डोळ्यांनी दाखवायचं, एवढंच धीरजच्या मनात होतं. बाकी सगळं त्यातून वाढत गेलं.

पोळा जवळ आला होता. पुंजाजींची बादल आणि लाल्या ही जोडी दरवर्षी तोरणाखाली उभी राहते ती लालभडक शिंगं घेऊन. त्यासाठी मागच्या वर्षीचा ऑइल पेंट काचेच्या तुकड्याने खरवडून काढावा लागतो. लाल्या ते मुकाट्याने सोसतो. बादल मात्र डोकं झटकतो, आणि त्या दिवशी काच सरकून त्याच्या कपाळावर ओरखडा उठला. पुंजाजींनी काच खाली ठेवली आणि बराच वेळ बैलाच्या कपाळावर हात धरून बसले.

धीरज म्हणाला, "बाबा, औंदा शिंगाले मी रंगवतो. पुढच्या पोळ्याले खरवडाचं कामच नाही."

"टिकते?"

"टिकते."

हा शब्द घाईत गेला. प्रयोगशाळेतले त्याचे रंग टिकत, यात शंका नाही, पण ते काचेखाली, टेबलाच्या खणात, कुणी हात न लावता टिकत. बैलाच्या शिंगाचा असा स्वभाव नसतो. पण पुंजाजींनी मान हलवली होती आणि दुकानातून आणलेला लाल रंगाचा डबा लखीरामला देऊनही टाकला होता.

पहिली बाटली घरी आली ती दुधासारखी दिसत होती. धीरजच्या आईने, प्रयागबाईंनी, ती काळजीने फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली. सकाळी बाटलीत गुठळ्या झाल्या होत्या आणि वर पाणी तरंगत होतं. गोठलं की हे द्रावण फाटतं आणि पुन्हा कधीच सुधारत नाही, हे धीरजने आईला शांतपणे सांगितलं.

प्रयागबाई म्हणाल्या, "दूध फाटलं तं पनीर तरी होते."

दुसरी बाटली त्याने मोटारसायकलच्या काळ्या मडगार्डवर चालवून पाहिली. सकाळच्या उन्हात मडगार्ड पोपटासारखं हिरवं झालं. धीरजची बायको अंजू बाहेर आली, तिने कौतुकाने त्यावरून बोट फिरवलं, आणि बोटाच्या वाटेवर मडगार्ड पुन्हा काळं झालं. बोटाला पिठासारखी पूड लागली होती.

"अहो, हे तर रांगोळीसारखं निघतंय," ती म्हणाली.

खरा प्रश्न तोच होता. गोळे रांगेत बसतात, पण एकमेकांना धरत नाहीत. लखीरामने यावर सुताराचा पांढरा डिंक सुचवला. लखीराम प्रत्येक गोष्टीवर तोच सुचवतो. धीरजने डिंक घातला. थर असा घट्ट बसला की खिळ्यानेही निघेना, पण रंग गेला. डिंक गोळ्यांच्या मधल्या सगळ्या फटी भरून टाकतो, आणि फटीत हवा नसेल तर उजेडाला गोळा कुठे संपला हेच कळत नाही.

"पक्कं तं बसलं ना," लखीराम म्हणाला. "रंगाचं एवढं काय घेऊन बसला?"

मग धीरजने कॉलेजात, तास नसलेल्या दुपारी खपून, वेगळ्या जातीचे गोळे केले. बोराला आत बी असते आणि वर गर, तसे हे आतून कडक आणि वरून मऊसर. रांगेत बसल्यावर जराशी ऊब दिली की गराला गर चिकटतो, पण मधली फट तशीच राहते. ऊब देण्यासाठी अंजूचं केस वाळवायचं यंत्र कामी आलं. या वेळी मडगार्डवर बोट फिरवलं, नख फिरवलं, रंग जागचा हलला नाही. धीरज त्या दिवशी उगीचच गावातून दोन चकरा मारून आला. कुणीही मडगार्डकडे पाहिलं नाही.

आता शिंगं रंगवायची, तर पोळा समितीचा अमरसिंग आडवा आला. अमरसिंगकडे गावाचा माईक असतो, त्यामुळे समिती म्हणजे तोच.

"रंग इखारी निघाला तं जिम्मेदारी कोनाची? डाक्टरचं लिहून आन."

"मी डॉक्टरच हाय."

"बैलाच्या डाक्टरचं," अमरसिंग म्हणाला.

जनावरांच्या दवाखान्यातल्या माणसाने केसपेपर पुढे ओढून विचारलं, "जनावराला काय होतंय?"

"काही नाही," धीरज म्हणाला.

"काही नाही तर पेपर कसा काढू? हा दवाखाना आजारी जनावरांचा आहे. बैल चांगला असेल तर त्याचं इथे काय काम?"

बैल निरोगी आहे असा कागद हवा असेल, तर बैल आधी आजारी पाहिजे, ही गोष्ट ऐकल्यावर धीरजला आपलं सगळं शिक्षण थोडं कमी पडल्यासारखं वाटलं. शेवटी आतल्या डॉक्टरांना दया आली. त्यांनी 'किरकोळ अपचन' असं लिहिलं आणि खाली 'शिंगांना लावायच्या द्रव्यात वावगं दिसत नाही' हेही जोडलं. आजार लिहिला म्हणजे औषध देणं आलं, म्हणून एक पुडीही दिली. अमरसिंगचं समाधान झालं.

पुडी मात्र घरी पुंजाजींच्या हाताला लागली.

"अपचन? बादलले?"

खरं सांगायचं म्हणजे दवाखान्यातून खोटं लिहून आणलं हे सांगायचं, आणि तेही ज्या बापाने आजवर क्रेटच्या तळाशी एक नासकं टमाटं लपवलं नाही त्याला. धीरज म्हणाला, "किरकोळ हाय." पुंजाजींनी त्याच दिवशी बादलची सरकीची ढेप बंद केली आणि त्याला कोरड्या कुटारावर, नुसत्या भुशावर, ठेवलं. लाल्या शेजारी ढेप खात असे. बादल धीरजकडे अशा नजरेने पाही की धीरज गोठ्यात मागच्या दाराने जाऊ लागला. आणि प्रयागबाई दोन्ही वेळा बैलाच्या पाठीवरून हात फिरवून म्हणत, "सुकून गेलं माह्यं वासरू."

पोळ्याच्या आदल्या सकाळी शिंगं रंगवली. जुना लाल रंग निघाल्यावर बादलची शिंगं मुळात डांबरासारखी काळी, त्यामुळे तिथे काही करावं लागलं नाही. लाल्याची मात्र पांढुरकी. पांढऱ्यावर हा रंग दिसतच नाही, इकडून तिकडून सगळाच उजेड परत येतो आणि नुसता चुना लावल्यासारखं वाटतं. म्हणून धीरजने तव्याच्या बुडाची काजळी डिंकात खलून लाल्याची शिंगं आधी काळी केली. लखीराम दारातून पाहत होता. सणाच्या तोंडावर पांढरं शिंग काळं करणारा माणूस त्याने पहिल्यांदाच पाहिला, असं तो पुढे बऱ्याच जणांना सांगत होता.

न्हाव्याकडची पाण्याच्या फवाऱ्याची बाटली असते ना, तसली एक धीरजने आणली होती. फवारा मारायचा, सुकू द्यायचं, पुन्हा मारायचा. सुकताना बैलाने डोकं हलवलं की रांगा मोडल्या. बैलाला हे कोण सांगणार? पुंजाजी पुढे येऊन बसले आणि बादलच्या गळ्याखाली खाजवू लागले. बादलने डोळे मिटले आणि मान सोडून दिली. तासाभरात दोन्ही बैलांची शिंगं आटोपली. अंजू लांब वायर ओढत ऊब द्यायला आली, बैलांनी त्या आवाजाला तेवढे कान टवकारले. गोठ्यात उजेड बेताचा होता. पत्र्याच्या भोकातून उन्हाची एक तिरीप शिंगावर पडली, तिथे बोटभर जागा हिरवी पेटली. धीरजने घाईने शिंगांच्या दोन्ही जोड्यांना जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळल्या.

"पाहू तं दे," पुंजाजी म्हणाले.

"उद्या. तोरनाखाली. उन्हात."

इतकी वर्षं थांबलेला बाप एक दिवस जास्त थांबू शकत होता, आणि आपल्याला मिरवायचंही होतं, हे धीरजला नाकबूल करता आलं नसतं.

त्या संध्याकाळी खांदमळणी झाली. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना हळद आणि तूप चोळायचं, आणि बैलांना जेवणाचं बोलावणं करायचं. प्रयागबाई तुपाची वाटी घेऊन गोठ्यात गेल्या. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," म्हणत त्यांनी खांदे चोळले. धीरज तेव्हा लखीरामच्या ओट्यावर बसून उद्या तुम्ही पाहालच असं सांगत होता.

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली जोड्या लागल्या. अमरसिंग माईक घेऊन रांगेतून येत होता. प्रत्येक जोडीचं नाव, मालक आणि शिंगांचा रंग तो पुकारत असे.

"कलर काय सांगू?" त्याने धीरजला विचारलं.

"समोरून हिरवा, बाजूनं निळा."

"एक सांग."

"एक नाही सांगता येत. आपण कुठं उभे हाओत त्याच्यावर हाय ते."

अमरसिंगने विचार केला आणि माईकवर सांगितलं, "पुंजाजीभाऊची जोडी. कलर अजून ठरला नाही."

सगळे वळून पाहू लागले. ऊन चांगलं होतं. धीरजने खूण केली, पुंजाजींनी पुढे होऊन स्वतःच्या हाताने पट्ट्या सोडल्या.

शिंगं काळी होती. चारही. बादलची काळी आणि चकचकीत, लाल्याची काळी आणि मळकट. अख्ख्या रांगेत लाल, पिवळी, बेगड लावलेली शिंगं आणि मधोमध हे दोन बैल.

"लाल्याचे तं पांढरे होते ना?" लखीराम मागून म्हणाला. "बरे होते की."

"कलर काळा," अमरसिंगने माईकवर दुरुस्ती केली. कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. धीरजने समोरून पाहिलं, बाजूने पाहिलं, वाकून पाहिलं. पुंजाजी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी कासरा नीट केला आणि तोरण तुटेपर्यंत सरळ पुढे पाहत उभे राहिले. धीरजला तेच सर्वांत जास्त लागलं. वडिलांनी चारचौघांत एक शिवी दिली असती तरी त्याला बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर बैलांना अंगणात उभं केलं. प्रयागबाई पुरणपोळीचं ताट आणायला आत गेल्या. धीरजने शेवटचं म्हणून बादलच्या शिंगावरून हात फिरवला, आणि हात सटकला. त्याने बोटं नाकाशी नेली.

"माय, याच्या शिंगाले काय लावलं?"

"तूप," त्या ताट घेऊन येत म्हणाल्या. "काल खांदे मळले, तं पट्टी जराशी ढिली दिसली. आत पाह्यलं तं शिंग कसं कोरडं ठण्ण पडलं होतं. अपचनाचं जनावर, पोटात काही नाही, शिंगं सुकनारच. मी मस्त चोळ चोळ चोळलं. लाल्या आशेनं पाहू राह्यला, तं त्यालेही लावलं. काहून?"

धीरज ओट्यावर बसला. दवाखान्यातलं अपचन असं फिरून शिंगात आलं होतं. तो म्हणाला, "त्या गोळ्याइच्या मधात हवा पाह्यजे, माय. तिथं तूप जाऊन बसलं. म्हनून रंग गेला." आणि मग बाकीचंही सांगून टाकलं, की बादलला कधीच काही झालं नव्हतं. प्रयागबाईंनी ताटातली पहिली पोळी तिथल्या तिथे बादलच्या तोंडात दिली, आणि दुसरीही त्यालाच.

पुंजाजी आत गेले. धीरजला वाटलं, ते आता बाहेर येणार नाहीत. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात कोमट पाण्याची बादली, भांड्यांचा साबण आणि काथ्याची घासणी होती.

"बाबा, घासू नका. थर निघून जाईन."

पुंजाजींनी घासणी साबणावर फिरवली. "टिकते म्हनला होता ना तू?"

पुंजाजी घासू लागले. जळक्या कढया घासाव्यात तसे त्यांनी बादलचं शिंग बुडापासून टोकापर्यंत घासलं, पाणी ओतलं, पुन्हा घासलं. धीरजला पाहवेना. तो अंगणातल्या तुळशीकडे पाहत बसला आणि काथ्याचा प्रत्येक खरखराट मोजल्यासारखा ऐकत राहिला. मग लाल्याची पाळी झाली. आवाज थांबला. ओली शिंगं काळीच होती.

"अहो," अंजू हळूच म्हणाली, "टोकाकडे बघा."

टोक आधी सुकलं होतं. तिथे हिरवं उगवलं होतं. जसजसं पाणी उडत गेलं तसतसं ते हिरवं खाली सरकत आलं, एका शिंगावर, मग दुसऱ्यावर, मग लाल्याच्या. थोड्या वेळाने अंगणात कोवळ्या पिकाच्या रंगाची चार शिंगं उभी होती. बादलने मान वळवली आणि सगळं हिरवं निळ्यात गेलं. प्रयागबाईंचा हात तोंडावर गेला. धीरजला एकदम भरून आलं. ते लपवायला त्याने नाक शिंकरलं.

सांज होत आली तसा लखीराम पोळीच्या बोलावण्याला आला आणि फाटकातच उभा राहिला. "पुंजाजीभाऊ, तोरनाखाली तं काळे होते. कोनता कलर मारला हा?"

"कलर नाही मारला," पुंजाजी म्हणाले. ते बैलाच्या बाजूला बाजेवर बसले होते. "कलर त्यात काहीच नाही. बारीक बारीक गोळे हायेत. डोळ्याले दिसत नाही इतके. सारे एका मापाचे पाह्यजेत. एक जरी मोठा घुसला तं रांग बिघडली. आपल्या टमाट्याच्या क्रेटवानी समज. रांग नीट बसली, अन मधात हवा राह्यली, की उजेड हिरवा होऊन वापस येते. तूप गेलं मधात, तं नाही येत."

हे धीरजचंच वाक्य होतं, टमाट्यांसकट, आणि ते त्याने फक्त एकदा सांगितलं होतं.

लखीरामने शिंगाकडे पाहिलं, धीरजकडे पाहिलं. "म्हंजे तुमचं पोरगं पेंटर नाही?"

"तुह्या ट्रालीवरचा मोर पाह्यला ना तू?" पुंजाजी म्हणाले. "पेंटर वाटते का तो तुले?"

लखीरामला हे पटलं. तो हात धुवायला गेला. पुंजाजी बाजेवरून उठले, बैलाला वळसा घालून पलीकडे गेले, पुन्हा अलीकडे आले, आणि डोळे बारीक करून शिंगाच्या बाजूला थांबले.

"धीरज, इकडून निळा काहून होते? ते तेवढं तू त्या दिवशी सांगतलं नाही."

धीरज उठला आणि टमाट्यांचं क्रेट घेऊन आला.